‘खूप काही शिकायला मिळालं’ याच्या पुढे काय? स्वतःच्या अनुभवावर चिंतन करून लिहायचं कसं

बी.एड.च्या इंटर्नशिपच्या डायऱ्या वाचणं हा माझ्या कामाचा भाग आहे. त्यात एक वाक्य सगळ्यात जास्त वेळा भेटतं, ‘आजच्या पाठातून खूप काही शिकायला मिळालं.’ लिहिणारा खोटं बोलत नसतो, आत खरंच काहीतरी हललेलं असतं, पण नेमकं काय ते वहीत उतरतच नाही. दोन महिन्यांनी तीच डायरी ती लिहिणाऱ्या मुलीच्या हातात दिली तर तिलाही सांगता येत नाही की त्या दिवशी आपण काय शिकलो. म्हणजे उन्हातान्हात शाळा गाठली, रात्री जागून टाचण काढलं, तक्ते रंगवले, आणि हातात राहिलं काय, तर एक वाक्य जे कुणाच्याही डायरीत कुठल्याही तारखेला चालेल. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण हे लिहिणं शिकता येतं, फक्त कुणी बसून नीट दाखवलेलं नसतं.

म्हणून हा लेख. उदाहरणं मी बी.एड.ची घेतोय कारण तेच मला जवळून माहितीय. पण एमएसडब्ल्यूचं, म्हणजे समाजकार्याच्या कोर्सचं, फील्डवर्क करणारे, नर्सिंगचे, एमबीबीएसचे विद्यार्थी (२०१९ पासूनच्या नवीन अभ्यासक्रमात वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद यांचा जो वेगळा भाग आलाय त्यात त्यांनाही असं लिहावं लागतं) किंवा कुठलाही कोर्स न करता फक्त स्वतःसाठी लिहिणारे, सगळ्यांना पद्धत हीच लागू पडते. आपल्याकडे बी.एड. दोन वर्षांचं झालं ते एनसीटीईच्या (शिक्षक-प्रशिक्षणाचे नियम ठरवणारी राष्ट्रीय परिषद) २०१४ च्या नियमांनी, त्यात शाळेतलं काम एकूण २० आठवड्यांचं झालं. २० आठवडे म्हणजे भरपूर अनुभव, आणि तो डायरीत न मुरता वाया जाणं परवडणारं नाही.

आधी हे बघू की चिंतन म्हणजे काय नाही

डायरीत साधारण तीन प्रकार सापडतात. पहिला, नुसता वृत्तांत: साडेदहाला परिपाठ झाला, दुसऱ्या तासाला सहावी अ वर गणिताचा पाठ घेतला, मधल्या सुट्टीत खिचडी वाटपाला मदत केली. दुसरा, तक्रार: मुलं ऐकत नाहीत, वर्गात ६० मुलं कोंबलीत, साहित्य नाही. तिसरा, कबुली: माझंच चुकलं, मी अजून चांगली तयारी करायला हवी होती, यापुढे नक्की करेन. यातलं काहीच खोटं नाही, आणि वर्गात ६० मुलं असणं ही तर खरीच अडचण आहे. पण तिन्हींमध्ये लिहिणाऱ्याच्या डोक्यातली समजूत लिहायच्या आधी जिथे होती तिथेच लिहून झाल्यावरही असते. चिंतनात ती थोडी तरी सरकते. लिहायला बसताना जे माहीत नव्हतं ते लिहिता लिहिता दिसलं, तर ते चिंतन.

कबुलीबद्दल जरा जास्त बोलतो, कारण ती सगळ्यात फसवी आहे. ‘माझी तयारी कमी पडली’ असं लिहिलं की वाचणाऱ्यालाही बरं वाटतं, लिहिणाऱ्यालाही वाटतं आपण प्रामाणिक आहोत, आणि विषय तिथेच बंद होतो. तयारी कुठे कमी पडली, कसली तयारी, आणि दुप्पट तयारी केली असती तर खरंच वेगळं झालं असतं का, हे विचारायचं राहूनच जातं. बऱ्याचदा उत्तर ‘नाही’ असतं, अडचण तयारीत नसतेच.

थोडीशी थिअरी, कामापुरती

कोर्सला असाल तर दोन-तीन नावं कानावर येणारच. डोनाल्ड शॉन यांनी १९८३ मध्ये एक फरक मांडला, काम चालू असतानाच होणारा विचार वेगळा आणि काम संपल्यावर मागे वळून केलेला विचार वेगळा. आपण डायरीत लिहितो तो दुसरा. ग्रॅहम गिब्ज यांचं १९८८ चं चक्र सगळ्यात जास्त वापरलं जातं, त्यात सहा टप्पे आहेत: काय घडलं, काय वाटलं, त्यात चांगलं-वाईट काय, असं का झालं, निष्कर्ष काय, पुढे काय करणार. आणि त्याहून साधे तीन प्रश्न टेरी बॉर्टन या शिक्षकाने १९७० मध्ये मांडले होते, मराठीत सांगायचं तर ‘काय झालं, मग त्याचं काय, आता पुढे काय’.

माझं मत विचाराल तर सुरुवातीला बॉर्टनचे तीन प्रश्न घ्या. गिब्जचं चक्र चांगलंच आहे, पण नवीन माणूस त्याचे सहा रकाने फॉर्म भरल्यासारखे भरतो, प्रत्येकात दोन ओळी, आणि जिथे खरा खल व्हायला पाहिजे त्या ‘असं का झालं’ या टप्प्यालाही दोनच ओळी मिळतात. एकदा हात बसला की सहा टप्पे आपोआप येतात.

पायरी १: प्रसंग लहान निवडा

‘माझी इंटर्नशिप’ हा विषय नाही, ‘आजचा दिवस’ हासुद्धा नाही. पाच मिनिटांत घडून गेलेलं काहीतरी घ्या. एक प्रश्न, एक उत्तर, एका मुलाने वही लपवली तो क्षण, मार्गदर्शक शिक्षिका जाता जाता जे बोलल्या ते एक वाक्य.

शोधायचं कसं? स्वतःला विचारा, आज माझा अंदाज कुठे चुकला? मला वाटलं होतं एक आणि झालं भलतंच, असं कुठे झालं? अंदाज चुकतो तिथेच आपली एखादी समजूत उघडी पडते, तोपर्यंत ती आहे हेच आपल्याला माहीत नसतं. आणि अंदाज चांगल्या बाजूनेही चुकतो हं, ज्या मुलाकडून काहीच अपेक्षा नव्हती त्याने सगळ्यात भारी प्रश्न विचारला, यावरही लिहा. मोठा, रडवणारा प्रसंग शोधत बसू नका. मोठ्या प्रसंगात भावना इतक्या असतात की विचाराला जागाच उरत नाही, आणि तो लिहायचाच असेल तर जरा दिवस जाऊ द्या.

पायरी २: त्याच दिवशी कच्ची नोंद

ही पायरी लोक गाळतात. रविवारी बसून आठवड्याची डायरी एकदम उतरवतात, आणि तोपर्यंत नेमके शब्द गेलेले असतात, राहतो तो फक्त सारांश. सारांशावर चिंतन होत नाही. त्यामुळे शाळा सुटल्यावर, एसटीत, स्टाफरूमच्या कोपऱ्यात, कुठेही, दहा मिनिटं काढा. वही नसेल तर मोबाईलवर स्वतःलाच व्हॉट्सॲप करा किंवा बोलून रेकॉर्ड करा.

कच्च्या नोंदीत फक्त तेच लिहा जे कॅमेऱ्यात दिसलं असतं आणि माईकवर ऐकू आलं असतं. कोण काय बोललं, शक्यतो त्याच शब्दांत. फळ्यावर काय होतं, तुम्ही कुठे उभे होतात, किती वेळ गेला. ‘वर्गात गोंधळ होता’ ही नोंद नाही, तो निकाल आहे. ‘मागचे चौघं एकमेकांच्या वहीत बघत होते आणि एक जण खिडकीतून बाहेरच्या ट्रॅक्टरकडे’ ही नोंद. काय फरक पडतो? दुसऱ्या वाक्यात तुम्हाला नंतर असंही दिसू शकतं की ते चौघं वहीत बघत होते म्हणजे कदाचित गणितच करत होते. पहिल्या वाक्याने ती वाट आधीच बंद केली.

एक नमुना देतो. हा मी समजवण्यासाठी रचलाय, कुणा एकाच्या डायरीतला नाही, पण यातली गणिताची चूक वर्गावर्गात दिसते:

‘सहावी. भिन्न छेदांच्या अपूर्णांकांची बेरीज. फळ्यावर दोन उदाहरणं सोडवली. “समजलं का?” विचारलं. सगळे “होऽऽ”. मग १/२ + १/४ वहीत करायला दिलं. फिरताना तिसऱ्या बाकावरच्या मुलीच्या वहीत २/६ दिसलं. मी म्हणाले, “अगं, आत्ताच सांगितलं ना, छेद समान करायचे.” तिने लगेच खोडरबर काढला. मी फळ्यावर परत सोडवून दाखवलं, ३/४. तिने उतरवून घेतलं. मागे मॅडम निरीक्षणाला बसल्या होत्या. घंटा झाली.’

एवढंच. विशेषणं नाहीत, निष्कर्ष नाही.

पायरी ३: काय वाटलं ते लिहा, पण तेव्हाचं आणि आत्ताचं वेगळं

‘वाईट वाटलं’, ‘आनंद झाला’ इतक्यावर थांबू नका. त्या क्षणी नेमकं काय वाटलं आणि त्या वाटण्याने तुमच्याकडून काय करवून घेतलं, हे महत्त्वाचं. वरच्या प्रसंगात छात्राध्यापिकेला २/६ दिसल्यावर पहिली काय भावना आली असेल? बहुतेक घाई. पाठ संपत आलाय, मागे मॅडम बसल्यात, उपयोजन (शिकलेलं वापरून बघायचा टप्पा) राहिलंय, आणि इथे चूक. त्या घाईने ती काय बोलली? ‘आत्ताच सांगितलं ना.’ म्हणजे भावना आणि कृती यांच्यात सरळ दोरी आहे, ती दोरी लिहायची. आणि आज संध्याकाळी त्याबद्दल काय वाटतंय हे वेगळ्या वाक्यात. दोन्ही मिसळलं की आपण आपल्याला तेव्हाच शहाणे होतो असं दाखवून मोकळे होतो.

या पायरीवर एखादा परिच्छेद पुरे. काही जण इथेच दोन पानं घालवतात आणि मग दमतात.

पायरी ४: इथे थांबा, खरं काम इथे आहे

आता ‘मग त्याचं काय’. अर्धा वेळ या पायरीला द्या. मी विद्यार्थ्यांना सांगतो की निदान चार प्रश्न तरी लिहा, उत्तर माहीत असो नसो:

मी काय गृहीत धरलं होतं?
समोरच्याच्या जागी बसून बघितलं तर हे कसं दिसतं?
मला जे कारण पहिल्यांदा सुचलं त्याशिवाय दुसरं काय कारण असू शकतं?
यातलं मला खरंच माहीत काय आहे आणि मी अंदाज कुठे करतेय?

आपल्या उदाहरणावर चालवून बघू. गृहीत काय होतं? एक, ‘समजलं का’ ला ‘हो’ आलं म्हणजे समजलं. दोन, चूक झाली म्हणजे लक्ष नव्हतं. तीन, बरोबर रीत परत दाखवली की चूक जाते. तिन्ही गोष्टी त्या पाच मिनिटांत न बोलता काम करत होत्या, आणि लिहून काढेपर्यंत तिला त्या दिसल्याही नव्हत्या.

आता मुलीच्या जागी बसा. १/२ आणि १/४ मिळून २/६. वर वर बघितलं तर तिने अंशात अंश मिळवला, छेदात छेद. पण असं करावंसं का वाटलं असेल? समजा तिला विचारलं असतं आणि ती म्हणाली असती, ‘दोनातला एक आणि चारातला एक, मिळून सहातले दोन.’ हे वाक्य नीट वाचा. यात वेडगळ काही नाही. एका चाचणीत २ पैकी १ मार्क पडला, दुसरीत ४ पैकी १ पडला, तर एकूण ६ पैकी २, हे आपण सगळे असंच करतो आणि ते बरोबरच असतं! तिची रीत चुकीची नाही, ती वेगळ्या जागची आहे. मार्कांत दर वेळी एकूण बदलतं, ते मिळवायचंच असतं. अपूर्णांकांच्या बेरजेत दोन्ही तुकडे त्याच एका अख्ख्याचे आहेत, तिथे अख्खं दोनदा मोजून चालत नाही.

आणि २/६ म्हणजे किती? १/३. अर्ध्याहून कमी. अर्ध्यात काहीतरी मिळवलं आणि उत्तर अर्ध्यापेक्षा लहान आलं! हे जर तिला स्वतःच बघू दिलं असतं तर छेद समान करा हे सांगायची वेळ आली असती का? कदाचित आली असती, पण तेव्हा ते सांगणं तिच्या प्रश्नाचं उत्तर झालं असतं. आज तो फक्त एक हुकूम झाला.

आलं का लक्षात, आपण कुठून कुठे आलो? सुरुवात होती ‘एका मुलीने चूक केली’ इथे. आता हातात आहे एक खरी गोष्ट: चुकीच्या उत्तरामागेही रीत असते आणि ती रीत विचारल्याशिवाय कळत नाही, आणि ‘समजलं का’ या प्रश्नाने ती कधीच बाहेर येत नाही. हे ‘खूप काही शिकायला मिळालं’ मधलं ‘काही’ आहे.

चौथा प्रश्न मात्र विसरू नका. त्या मुलीने खरंच तसा विचार केला होता का? माहीत नाही, तिला विचारलंच नाही. मग डायरीत तसंच लिहा, ‘तिने असा विचार केला असावा, पण मी विचारलं नाही.’ ही एक ओळ मला पानभर उपदेशापेक्षा जास्त आवडते, कारण तिच्यातून उद्याचं काम निघतं.

आणखी एक. या पायरीवर लिहिताना पेन अडखळतं, एखादं वाक्य लिहून खोडावंसं वाटतं. तिथे थांबून तेच वाक्य पुढे न्यायचं. वरच्या प्रसंगात मला वाटतं ते वाक्य असं असेल: ‘मॅडम मागे बसल्या नसत्या तर मी तिला विचारलं असतं.’ अवघड वाक्य आहे. पण त्यातून पुढचा प्रश्न निघतो, मी पाठ कुणासाठी घेत होते, मुलांसाठी की निरीक्षणाच्या वहीतल्या शेऱ्यासाठी? याचं उत्तर छान छान द्यायची गरज नाही. मार्क त्या शेऱ्यावर आहेत हेही खरंच आहे, तेही लिहा.

पायरी ५: पुस्तकातलं जोडायचं असेल तर

कोर्सच्या डायरीत हे अपेक्षित असतं. नियम एकच ठेवा, एका नोंदीला एकच संकल्पना, आणि ती प्रसंगाला लावून दाखवायची. शेवटी ‘पियाजे, वायगॉट्स्की, ब्रूनर यांच्या मते विद्यार्थी स्वतः ज्ञानाची रचना करतो’ असं चिकटवून काही होत नाही. त्यापेक्षा ‘ज्ञानरचनावाद म्हणतो मूल आधी माहीत असलेल्यावरच नवीन रचतं, या मुलीला मार्कांची बेरीज आधी माहीत होती, तिने कदाचित त्यावरच रचलं’ इतकं लिहा. आणि पुस्तकातली गोष्ट तुमच्या वर्गात बसत नसेल तर तसंही लिहा, त्यात काही गैर नाही, मी तरी अशा नोंदी परत परत वाचतो.

पायरी ६: आता पुढे काय

इथे बहुतेक जण मोठमोठे संकल्प करतात. ‘यापुढे प्रत्येक विद्यार्थ्याकडे वैयक्तिक लक्ष देईन.’ ६० मुलांच्या वर्गात, ३५ मिनिटांच्या तासात? होणार नाही, आणि ते लिहिताना आपल्यालाही माहीत असतं. इतकं लहान ठरवा की येत्या गुरुवारच्या तासाला करता येईल आणि झालं की नाही हे सांगता येईल:

‘गुरुवारी ‘समजलं का’ विचारणार नाही. त्याऐवजी एक उदाहरण देऊन उत्तर काढायच्या आधी विचारेन, उत्तर अर्ध्यापेक्षा मोठं येईल की लहान? आणि चुकीचं उत्तर दिसलं तर पहिलं वाक्य “कसं केलंस, सांग बरं” हेच असेल.’

मग गुरुवारी ते करा. आणि गुरुवारची नोंद याच नोंदीच्या खाली लिहा, नवीन पानावर नाही. काय झालं? कदाचित ‘कसं केलंस’ विचारल्यावर मुलगी घाबरून गप्पच बसली, कारण आजवर हा प्रश्न चूक झाल्यावरच विचारला गेलाय आणि तिला कळलं की आपलं चुकलं. बघा, नवीन गोष्ट निघाली! म्हणजे बरोबर उत्तरालाही ‘कसं केलंस’ विचारावं लागणार. पहिली युक्ती फसली म्हणून वाईट वाटून घेऊ नका, फसलेल्या युक्तीची नोंद हीच डायरीतली सगळ्यात कामाची नोंद. हे परत येऊन लिहिणं कुणी करत नाही, आणि त्याशिवाय चक्र पूर्ण होत नाही, मग ते गिब्जचं असो की आणखी कुणाचं.

भाषेबद्दल थोडं

शासकीय मराठी डायरीत आणू नका. ‘विद्यार्थ्यांना प्रश्न विचारण्यात आले, फलकलेखन करण्यात आले, चुकांचे निराकरण करण्यात आले.’ कुणी केलं? या वाक्यांत माणूसच नाही. ‘मी विचारलं’, ‘मी खोडायला लावलं’ असं लिहिलं की जबाबदारी आपोआप जागेवर येते आणि प्रश्नही सुचतात. तसंच ‘आपण अशा वेळी चिडतो’ लिहून सगळ्या जगाला सोबत घेऊ नका, चिडलात तुम्ही, तर ‘मी चिडले’.

‘विद्यार्थी’ या घाऊक शब्दाऐवजी शक्य तिथे ती एक मुलगी, तो एक मुलगा. आणि तुम्ही घरी वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी जे बोलत असाल ते डायरीत आलं तर येऊ द्या, निदान कच्च्या नोंदीत तरी. मुलगा ‘मले नाय समजलं’ म्हणाला असेल तर तेच लिहा, ‘विद्यार्थ्याने आकलन न झाल्याचे सांगितले’ नको. प्रमाण भाषेत बदलताना बोलण्यातली भीती, राग, लाड सगळं उडून जातं, आणि चिंतन करायचं असतं ते नेमकं त्याच्यावरच.

एआयकडून चिंतन लिहून घेणारे आता दिसतात. वाक्य सरळ करून घ्यायला, टायपिंग दुरुस्त करायला घ्या मदत. पण त्या मुलीने खोडरबर किती घाईने काढला हे तुमच्याशिवाय कुणाला माहीत नाही, आणि चौथ्या पायरीतले प्रश्न दुसऱ्याने सोडवले तर बदल त्या दुसऱ्यात होईल, तुमच्यात कसा होणार? हवं तर उलटं करा, तुमची नोंद देऊन सांगा की मला फक्त प्रश्न विचार, उत्तर देऊ नकोस. मात्र त्याआधी मुलांची नावं, शाळेचं नाव काढून टाका.

काय लिहायचं नाही

डायरी तपासायला जाते, हातोहात फिरते, फोटो काढून ग्रुपवर पडते. म्हणून मुलांची खरी नावं नकोत, ‘तिसऱ्या बाकावरची मुलगी’ पुरतं. जात, घरची परिस्थिती, वडिलांचं व्यसन, आजार, या गोष्टी प्रसंगाला लागत नसतील तर लिहू नका, लागत असतील तरी मूल ओळखू येणार नाही असंच लिहा. नर्सिंग आणि मेडिकलवाल्यांनी तर हे दुप्पट पाळायचं, लहान गावात वॉर्ड नंबर आणि तारीख सांगितली तरी पेशंट कळतो. शाळेतल्या शिक्षकांबद्दल लिहिताना त्यांनी काय केलं ते लिहा, ते कसे आहेत ते नको.

मुलाच्या बाबतीत मारहाण, छळ असं काही दिसलं किंवा कुणी सांगितलं तर ते डायरीत चिंतन म्हणून ठेवायचं नसतं, ते त्याच दिवशी मार्गदर्शकांना आणि मुख्याध्यापकांना सांगायचं. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ आहे.

आणि स्वतःबद्दल. कधी कधी वर्गातला एखादा प्रसंग आपलंच लहानपण वर काढतो. लिहून हलकं वाटत असेल तर लिहा, पण ते वेगळ्या वहीत, तपासायला द्यायची डायरी ती नव्हे. लिहिल्यावर दर वेळी जास्तच त्रास होत असेल, झोप उडत असेल, तर वही बंद करा आणि विश्वासातल्या माणसाशी बोला. टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीतही बोलता येतं.

किती, कधी, आणि वाचून कसं बघायचं

रोज लिहायची सक्ती असेल तर कच्ची नोंद रोज करा, पण पूर्ण चिंतन आठवड्यातून दोनदाच. ३०० ते ४०० शब्द पुष्कळ झाले. त्यातले १०० शब्द प्रसंगाला, निम्मे तरी ‘मग त्याचं काय’ ला, बाकीचे पुढच्या कृतीला. कच्ची नोंद त्याच दिवशी, चिंतन दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, थोडं अंतर पडलं की राग किंवा कौतुक निवळतं आणि दिसायला लागतं.

लिहून झाल्यावर एक तपासणी करा. तारीख आणि शाळा झाकून ही नोंद तुमच्या मैत्रिणीच्या डायरीत चिकटवली तर खपेल का? खपत असेल तर अजून प्रसंगापर्यंत पोचला नाहीत, पायरी २ वर परत जा. दुसरी, नोंदीत एक तरी प्रश्न असा आहे का ज्याचं उत्तर लिहायला बसताना तुमच्याकडे नव्हतं? नसेल तर पायरी ४ वर परत.

मार्गदर्शक हे वाचत असतील तर त्यांना एक विनंती. नोंदीखाली ‘छान’, ‘सुधारणा आवश्यक’ इतकंच लिहून सही करू नका. एक प्रश्न लिहा, ‘ती गप्प का बसली असेल?’ एवढाही चालेल. डायरी लिहिणारी मुलं त्या प्रश्नाला पुढच्या नोंदीत उत्तर देतात, आणि मार्कांची भीती थोडी कमी झाली की अवघड वाक्यं लिहायला लागतात. खरं बोललं की मार्क जातात असं एकदा वाटलं तर मग पुढे सगळं गोडगोडच येतं, त्यात दोष त्यांचा नाही.

आठ-दहा नोंदी साठल्या की एका बैठकीत सलग वाचा, हातात पेन्सिल घेऊन. कुठला शब्द, कुठली परिस्थिती, कुठलं गृहीत परत परत येतंय तिथे खूण करा. बऱ्याच जणांना असं काहीतरी दिसतं की निरीक्षणाला कुणी बसलं की मी भरभर बोलते, किंवा मुलींना मी सोपेच प्रश्न विचारतो. इंटर्नशिपच्या शेवटी जो अहवाल लिहावा लागतो त्याचा विषय या खुणांमधून घ्या, आणि अहवालात त्या नोंदींतली तुमचीच वाक्यं तारखेसकट उतरवा, पहिली कशी होती आणि शेवटची कशी आहे ते वाचणाऱ्याला समोरासमोर ठेवून दाखवा.